काटा, दात आणि परीघ : वेगाच्या हिशेबाचा इतिहास

मुंबई-गोवा महामार्गावर पेण, वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे येणाऱ्या गाडीचा काटा साठावर असला, की गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली आहे असे आपण बिनदिक्कत समजतो. काटा वेग मोजतो, ही समजूत इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचे कारणच पडत नाही. वास्तविक काट्याला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा एक दांडा किती वेळा फिरला, एवढेच त्याला कळते. त्या फेऱ्यांवरून वेग सांगायचा, तर मधल्या दातेरी चक्रांना दात किती आणि टायरचा परीघ किती, या दोन गोष्टी कोणीतरी आधीच गृहीत धरलेल्या असाव्या लागतात. काट्यावरचा आकडा हा मापन कमी आणि त्रैराशिक जास्त असतो.

या गृहीतकाला स्वतःचा इतिहास आहे. ते कोणी धरायचे, कोणी तपासायचे आणि चुकले तर भुर्दंड कोणी सोसायचा, या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इंजिनाला मोठे मानाचे स्थान मिळते; चाकाच्या परिघाला आणि चक्राच्या दातांना फारसे मिळत नाही. पण प्रवासी आणि चालक, चालक आणि सरकार यांच्यातला व्यवहार इंजिनापेक्षा या दोन आकड्यांवर अधिक अवलंबून राहिला आहे. तो इतिहास नागोठण्याच्या रस्त्यावर उभे राहून पाहावा, असे मी ठरवले. त्याला कारण आहे.

भरतीचे अंतर

रोहा तालुक्यातले नागोठणे आज महामार्गावरचे गाव म्हणून, पेट्रोरसायनांच्या कारखान्यामुळे आणि पनवेल-रोहा लोहमार्गावरचे स्टेशन म्हणून ओळखले जाते. त्याची जुनी ओळख मात्र बंदराची. आंबा नदीच्या खाडीत भरतीचे पाणी चढले, की गलबते आणि होड्या नागोठण्यापर्यंत येत. ओहोटी लागली की थांबावे लागे. अशा गावी मुंबई किती मैल, या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. किती भरत्या लागतील, हा खरा प्रश्न. अंतर वेळेने मोजले जाई आणि वेळ चंद्राच्या हाती होती.

खुष्कीचा मार्गही येथे जुनाच. नागोठण्याचा दगडी पूल चौलच्या काजी अलाउद्दीनने १५८० च्या सुमारास बांधल्याचे कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरात नमूद आहे. पूल अरुंद आहे. पायी माणूस, घोडा, लादलेला बैल यांच्या मापाचा. ज्या वाहतुकीसाठी तो बांधला, तिला वेगाचा काटा नको होता. बैल दिवसाकाठी किती कोस चालतो, हे तांड्याला ठाऊक होते आणि तेवढ्यावर व्यवहार चाले.

आज नागोठण्याहून दक्षिणेला निघाले, की वाकण फाट्यानंतर सुकेळी खिंड लागते आणि मग खांब, कोलाड. रोह्याकडे वळले तर भिसे खिंड. म्हणजे एकाच गावाच्या परिसरात खाडीकाठचा सपाट रस्ता आणि खिंडीतला चढ-उतार दोन्ही आहेत. गिअर कशासाठी लागतात, हे समजायला याहून सोयीची जागा नाही.

परीघ

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना मोटारीपेक्षा फार जुनी आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अशा गाडीचे वर्णन केले आहे. चाकाचा व्यास सुमारे चार फूट, परीघ साडेबारा फूट. चाक ४०० वेळा फिरले की ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई. त्या क्षणी दातेरी चक्रांच्या साखळीतून एक गोटा सुटून खालच्या पितळी भांड्यात पडे. मुक्कामी पोचल्यावर भांड्यातले गोटे मोजायचे. आजच्या टॅक्सीमीटरची सारी तत्त्वे या भांड्यात आहेत : परीघ गृहीत, दात ठरलेले, आणि आवाजाने कळणारा हिशेब.

चार फूट व्यासाला साडेबारा फूट परीघ धरणे म्हणजे व्यासाच्या ३.१२५ पट धरणे. याहून अचूक प्रमाण आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ११५० च्या या ग्रंथात दोन रीती दिल्या आहेत : सूक्ष्म हिशेबासाठी व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, आणि स्थूल व्यवहारासाठी २२ ने गुणून ७ ने भागावे. पहिली रीत ३.१४१६ देते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या गणितपरंपरेच्या अभ्यासकांना परिचित आहे. मला त्यातले स्थूल आणि सूक्ष्म हे भान महत्त्वाचे वाटते. कोणत्या कामाला किती अचूकता पुरते, हे ठरवणे हाही गणिताचाच भाग आहे. पुढे मीटर आणि काटा यांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहणार होता.

ब्रिटिश सर्वेक्षकांनी हिंदुस्थानात रस्त्यांची अंतरे मोजण्यासाठी पेरांब्युलेटर वापरला. दांड्याला जोडलेले मोठे चाक, ते ढकलत चालणारा माणूस आणि फेऱ्या नोंदवणारी तबकडी, एवढेच हे यंत्र. त्याचा दोषही सर्वेक्षकांना माहीत होता. खाचखळग्यांच्या वाटेवर चाक प्रत्येक खड्ड्यात उतरून चढते, त्यामुळे नोंदलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. म्हणून महत्त्वाच्या मोजणीसाठी साखळी आणि त्रिकोणमिती यांवर भिस्त ठेवली गेली. चाक रस्त्याची हकीकत सांगते, पण ती चाकाच्या बाजूने, ही शंका चाकाइतकीच जुनी म्हणायला हवी.

दात

दातेरी चक्रांचे गणित कोकणाला परके नव्हते. अलिबाग ते रेवदंडा या अष्टागराच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या विहिरीवरच्या रहाटांवर पोसल्या गेल्या. बैल किंवा रेडा गोल फिरतो. त्याच्याबरोबर आडवे चक्र फिरते. त्याचे लाकडी दात उभ्या चक्राच्या दातांत अडकतात आणि गाडग्यांची माळ वर येऊ लागते. बैलाच्या एका फेऱ्यात माळ किती सरकेल, हे दोन्ही चक्रांच्या दातांवर ठरते. दात कमी असलेले चक्र जास्त फिरते, जास्त असलेले कमी. जुन्या परिभाषेत हे व्यस्त त्रैराशिक. माळ भरभर फिरवायची तर बैलावर ताण येतो. बैलाला सोपे करायचे तर पाणी हळू येते. दोन्ही एकदम साधत नाही.

मोटारीचा गिअर हा रहाटाचाच व्यवहार करतो. इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते तेव्हाच त्याच्यात जोर असतो. चाकाला इतके फेरे परवडत नाहीत आणि चढावर तर चाकाला फेऱ्यांपेक्षा जोर हवा असतो. म्हणून मध्ये दातेरी चक्रे घालून फेरे कमी करतात आणि जोर वाढवतात. पहिली कपात गिअरबॉक्समध्ये होते. ती चालकाच्या हातात असते. शेवटची कपात मागच्या आसावरच्या क्राउन-पिनियनमध्ये होते. ती कारखान्यात कायमची ठरते.

या शेवटच्या कपातीत एक बारकावा आहे. जुन्या विलिस जीपच्या पिनियनला ८ दात होते आणि क्राउनला ३९, भागाकार ४.८८. नंतरच्या जीपमध्ये ८ आणि ४३ आले, भागाकार ५.३८. सरळ ८ आणि ४० घेऊन हिशेब सोपा का केला नाही? कारण ८ ने ४० ला पूर्ण भाग जातो, आणि मग पिनियनचा तोच दात क्राउनच्या त्याच पाच दातांना जन्मभर भिडत राहतो. एका दाताचा दोष त्या पाचांवर कोरला जातो. दोन्ही संख्यांना सामाईक विभाजक नसला, तर प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. गाडीच्या वेगाच्या सूत्रात जी अवघड अपूर्णांकी संख्या दिसते, तिच्यामागे झिजेची ही न्याय्य वाटणी आहे.

जीपवरची पट्टी

वेग, गिअर आणि टायर यांचा हिशेब आपल्या रस्त्यांवर उघडपणे लिहिलेला कोठे दिसतो, याचा शोध घेताना मला सर्वांत बोलका पुरावा वाटला तो जीपच्या डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्टीचा. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीप हिंदुस्थानातही खाजगी हातांत आल्या. पुढे महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि नंतर सीजे-३बी हे मॉडेल कित्येक दशके देशात बनत राहिले. सरकारी खात्यांपासून कोकणातल्या वडाप वाहतुकीपर्यंत ही गाडी सर्वत्र पोचली.

युद्धकालीन जीपच्या पट्टीवर प्रत्येक गिअरमधली कमाल वेगमर्यादा मैलांत कोरलेली असे. हाय रेंजमध्ये टॉपला ६५, दुसऱ्याला ४१, पहिल्याला २४, रिव्हर्सला १८. लो रेंजमध्ये हेच आकडे ३३, २१, १२ आणि ९. सैन्यात भरती झालेल्या, कदाचित कधीच मोटार न चालवलेल्या तरुणासाठी हे शहाणपण पट्टीवर उतरवले होते. पट्टी फक्त उत्तरे देते, रीत सांगत नाही. ती रीत मी उलट बाजूने मांडून पाहिली.

जीपचा टायर ६.००-१६ मापाचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. फुगवलेल्या टायरचा बाहेरचा व्यास ढोबळमानाने २८ इंच धरू. ‘लीलावती’च्या स्थूल रीतीने परीघ बरोबर ८८ इंच येतो. मैलात ६३,३६० इंच. त्याला ८८ ने भागले की ७२०. म्हणजे एका मैलाला चाकाचे ७२० फेरे. ताशी ६५ मैलांना मिनिटाला ७८० फेरे. मागच्या आसावर ४.८८ पट, म्हणजे इंजिनाचे सुमारे ३८०० फेरे. हे इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांना देत असे. पट्टी लिहिणाऱ्याने त्याच्या थोडे अलीकडे थांबायचे ठरवले होते, हे यावरून उघड होते.

बाकीचे आकडे भागाकाराने मिळतात. दुसऱ्या गिअरची कपात १.५६४, ६५ ला तिने भागले की ४१. पहिल्याची २.६६५; उत्तर २४. लो रेंजची १.९७, उत्तर ३३. पट्टीवरचा एकही आकडा रस्त्यावर गाडी पळवून काढण्याची गरज नव्हती. तो दातांतून आणि परिघातून निघतो. गंमत अशी, की त्याच गाडीच्या वेगाची तबकडी ६० मैलांवर संपत असे. हिशेब ६५ ची परवानगी देतो आणि काट्याला तिथवर जाता येत नाही.

सीजे-३बीचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडू. परीघ २.२३५ मीटर, मागची कपात ५.३८. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर चाकाचे ३७२ फेरे होतात आणि गाडी मिनिटाला सुमारे ८३० मीटर जाते. म्हणजे टॉपमध्ये ताशी जवळजवळ ५० किलोमीटर. वडखळ ते नागोठणे या सपाटीची ही चाल. त्याच फेऱ्यांना दुसऱ्या गिअरमध्ये, कपात १.५५१ असल्याने, वेग ३२ वर येतो. सुकेळी खिंडीच्या चढाला भरलेली जीप साधारण याच मापात बसते. पहिल्या गिअरमध्ये, २.७९८ च्या कपातीने, १८. आणि लो रेंजची २.४६ ची कपात आणखी घातली की ७. इंजिनाचे फेरे १००० वर आणले तर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये जीप सेकंदाला एक मीटर सरकते. माणूस रमतगमत चालतो त्यापेक्षाही हे कमी. पावसाळ्यात शेताडीतून, ओढ्यातून, गाळातून ही गाडी का निघत असे, त्याचे उत्तर या एका आकड्यात आहे. इंजिनाचा जोर ३७ पट होऊन चाकाला मिळत होता.

काटा

वेग दाखवणाऱ्या यंत्राचे पेटंट स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये घेतले आणि त्याची कल्पना शंभर वर्षे टिकली. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहान चक्र. त्याला जोडलेली लवचीक तार. तारेच्या दुसऱ्या टोकाला फिरणारे चुंबक. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श नसतो, पण चुंबक फिरले की वाटीत विद्युत्प्रवाह उठतात आणि वाटी त्याच्याबरोबर ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितके जोरात फिरेल तितकी वाटी जास्त वळते आणि तिच्यावरचा काटा पुढे जातो. त्याच तारेवर अंतराचे आकडे फिरवणारी दातेरी चक्रेही चालतात.

अमेरिकी गाड्यांत एक संकेत रूढ झाला : एका मैलाला तारेचे १००० फेरे. त्यामुळे कोणत्याही गाडीला तीच तबकडी चाले आणि गाडीगाडीतला फरक गिअरबॉक्सच्या टोकाच्या छोट्या चक्राच्या दातांनी भरून काढता येई. जीपमध्ये हे चक्र ट्रान्सफर केसच्या बाहेर जाणाऱ्या दांड्यावर होते. म्हणून लो रेंज टाकली तरी काटा फसत नसे, कारण तो सारी कपात झाल्यानंतरचे फेरे मोजत होता. चाकाचे मैलाला ७२० फेरे, ते ४.८८ पट केले की दांड्याचे ३५१४. त्याचे १००० करायचे तर साडेतीनाची कपात हवी. मागचा आस ५.३८ चा असला तर तीच कपात ३.८७ होते. जुन्या जीपला दुसऱ्या मॉडेलचा मागचा आस बसवला आणि हे लहान चक्र बदलले नाही, तर गाडी उत्तम चालते पण काटा दहा टक्के जास्त बोलतो.

१९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर देशात दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्याकडेचे मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. गाड्यांचे काटे मात्र बराच काळ मैल दाखवत राहिले. यांत्रिकदृष्ट्या बदल छोटा होता. मैलाला १००० फेरे म्हणजे किलोमीटरला ६२१. तार तीच, बाहेरचे दात तेच, बदलायची ती तबकडी आणि अंतर मोजणारी आतली चक्रे. तोवर चालकाने आठाला पाच हे प्रमाण मनात धरून दगड आणि काटा यांची सांगड घातली. एका पिढीची तोंडी आकडेमोड त्या सांध्यावर झाली.

मीटर आणि टप्पा

येथवरच्या हिशेबात चूक झाली तर चालकाला वेगाचा अंदाज चुकेल, इतकेच. भाडे चाकाच्या फेऱ्यांवर ठरू लागले, तेव्हा प्रत्येक फेऱ्याला किंमत आली. टॅक्सीमीटरचा शोध १८९१ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिश ब्रून याने लावला, आणि १८९७ मध्ये स्टुटगार्टला मीटर लावलेली डायमलर मोटार भाड्याने धावू लागली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी, टॅक्सी म्हणून अर्धशतकाहून जास्त चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिच्या बाहेर बसवलेला पत्र्याचा मीटर आणि भाडेवाढीनंतर आकड्याचे रुपये करून देणारे कार्ड, हे दोन्ही मुंबईकरांच्या पिढ्यांनी पाहिले आहे.

टॅक्सीच्या मीटरपर्यंत पोचणारा फेरा गिअरबॉक्सकडून येतो. म्हणजे त्यात क्राउन-पिनियन आणि टायर दोघांचा वाटा. रिक्षाच्या यांत्रिक मीटरची तार पुढच्या चाकाकडून येई. तेथे इंजिन, गिअर यांचा संबंध नाही, उरतो फक्त टायर. वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत यासाठी दोन अक्षरे ठरलेली आहेत. एका किलोमीटरला गाडी किती फेरे देते, हा वाहनाचा गुणांक ‘डब्ल्यू’. एक किलोमीटर दाखवायला मीटर किती फेरे मागतो, हा मीटरचा स्थिरांक ‘के’. दोन्ही जुळले की मीटर खरा. वैधमापन खात्याचे सील आणि परिवहन खात्याचे मीटर पासिंग म्हणजे या दोन संख्यांच्या जुळणीवर सरकारने ठेवलेला हात.

सील ‘के’ला बांधून ठेवते. ‘डब्ल्यू’ मात्र रोज थोडा बदलतो, कारण टायर झिजतो. रिक्षाचा ४.००-८ मापाचा टायर घेऊ. नवा असताना व्यास सुमारे ४१० मिलिमीटर. किलोमीटरला ७७६ फेरे. रबर पाच मिलिमीटर झिजले की व्यास ४०० वर येतो आणि फेरे ७९६ होतात. नव्या टायरवर पास झालेला मीटर आता १० किलोमीटरला सव्वादहा दाखवणार. कोणी सील तोडलेले नाही, कोणी हात लावलेला नाही. प्रवासी म्हणतो मीटर फास्ट आहे, आणि ते खरे असते. चालक म्हणतो मी काहीच केलेले नाही, आणि तेही खरे असते. उलट झिजलेल्या टायरवर मीटर पास करून घेतला आणि मग नवा टायर बसवला, तर तोटा चालकाचा. मीटरमध्ये मुद्दाम केलेली फसवणूक आपल्याकडे पुष्कळ झाली आणि तिच्यावर बरेच लिहिलेही गेले. पण परिघाच्या या अडीच टक्क्यांनी उभे केलेले भांडण कोणाच्याच लबाडीतून आलेले नव्हते. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावरही ते संपले नाही. दातांच्या जागी विद्युतस्पंद आले. टायर टायरच राहिला.

नागोठण्यात हे भांडण ऐकू येत नाही. येथे मिनीडोर आणि विक्रम माणशी ठरलेल्या भाड्याने चालतात आणि एसटी टप्प्याने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीने भाड्यासाठी टप्प्याची रीत चालवली. सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्पा रस्त्याच्या लांबीवर एकदा ठरतो. मग गाडीचा टायर नवा असो, झिजलेला असो की रिमोल्ड केलेला, पेण ते नागोठणे हे अंतर तिकिटावर तेवढेच राहते. टप्प्याला दुसऱ्या बाजूने बोल लावता येतो : टप्प्याच्या मधे उतरणाराही पूर्ण टप्प्याचे पैसे मोजतो. पण ती तक्रार उघड्या नियमाविरुद्ध असते. मीटरविषयीची शंका बंद पेटीविरुद्ध असते. अंतर रस्त्यावरून ठरवायचे की चाकावरून, या दोन रीतींत माझ्या मते हाच मूळ फरक आहे. पहिलीत गृहीतक सर्वांसमोर फलकावर लिहिलेले असते, दुसरीत ते प्रत्येक गाडीच्या पोटात असते.

दोन न्याय

वेगाचा काटा आणि भाड्याचा मीटर एकाच चाकाचे फेरे मोजतात, पण त्यांच्या चुकांना समाजाने वेगवेगळे न्याय लावले. वाहनांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ताशी चार किलोमीटर इतकाच. खरा वेग ६० असताना काट्याने ७० दाखवला तरी तो नियमात बसतो. टायर झिजतो, हवा कमी होते, ओझे वाढते, हे सारे जमेस धरून नियमाने सावधपणाच्या बाजूला कल ठेवला. मीटरला असा कल परवडत नाही, कारण तेथे जास्त दाखवणे म्हणजे कोणाच्या तरी खिशातून काढणे. भास्कराचार्यांचे स्थूल आणि सूक्ष्म येथे पुन्हा भेटतात. काट्याला स्थूल पुरते, फक्त चुकीची दिशा सुरक्षित हवी. मीटरला सूक्ष्मच हवे.

हा कल उलटा फिरवणारी एक गोष्ट अलीकडे सर्रास दिसते. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा मोठे टायर बसवले जातात. व्यास २८ इंचांवरून साडेएकतीस झाला, तर परीघ साडेबारा टक्क्यांनी वाढतो. काटा जुन्याच परिघावर हिशेब करतो. तो अचूक जुळवलेला असेल, तर ६० दाखवत असताना गाडी ताशी ६७.५ किलोमीटर चाललेली असते. वेगाच्या वर्गाप्रमाणे ऊर्जा वाढते, म्हणून थांबवायची ऊर्जा सव्वापटीहून जास्त होते. सुकेळी खिंडीच्या उतारावर पावसात ही सव्वापट काय करते, ते वेगळे सांगायला नको. शिवाय मोठ्या चाकाने सगळे गिअर एकदम लांब होतात. चढाला जोर कमी पडतो आणि उतारावर इंजिनाची आवर ढिली होते. ज्या गाडीचा हिशेब कारखान्याने दातांशी जुळवून दिला होता, तो मालकाने टायरच्या दुकानात मोडलेला असतो, आणि डॅशबोर्डवर त्याची कोणतीही खूण दिसत नाही.

वेगनियंत्रकांचेही असेच आहे. २०१५ पासून नव्या व्यावसायिक वाहनांच्या मोठ्या वर्गाला ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा घालणारे नियंत्रक बंधनकारक झाले. ज्या नियंत्रकाला फिरत्या दांड्याकडून स्पंद मिळतात, त्याची ऐंशीची मर्यादाही एका गृहीत परिघावर उभी असते. परीघ बदलला की मर्यादा न सांगता सरकते. नियमावर बोट ठेवता येत नाही आणि नियम पाळलाही जात नाही, अशी ही अवस्था.

उपग्रहावरून वेग सांगणारा फोन आता प्रत्येकाच्या खिशात असतो, तेव्हा हा जुना हिशेब कालबाह्य झाला, असे म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. फोन वेग सांगतो. गाडी कोणत्या गिअरला किती जोर देईल, हे तो सांगत नाही. इंजिन, ब्रेक, नियंत्रक, मीटर हे सारे अजून चाकाच्या फेऱ्यांवरच विश्वासून आहेत. फोनचा उपयोग त्या विश्वासाची तपासणी करण्यासाठी व्हावा.

तपासणीच्या साध्या रीती आपल्याकडे होत्याच. गाडीत नेहमीचे ओझे असताना टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करायची, गाडी चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत ढकलायची आणि दोन खुणांतले अंतर टेपने मोजायचे. तो खरा परीघ. १००० मीटरला त्याने भागले की किलोमीटरचे फेरे. मोकळ्या सपाट रस्त्यावर चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने घड्याळ लावावे. दोन किलोमीटर-दगडांमधले अंतर साठ सेकंदांत कापले तर काटा खरा, त्रेपन्न-चोपन्न सेकंदांत कापले तर टायरकडे पाहावे. याला यंत्रशाळा लागत नाही. शाळेत शिकलेले त्रैराशिक पुरते.

युद्धकाळच्या जीपवर हिशेबाची उत्तरे निदान पट्टीवर कोरलेली होती. चालक रोज ती पाहत होता. आजच्या गाडीत तीच संख्या नियंत्रकाच्या चिपमध्ये असते आणि ती कोणत्या टायरसाठी लिहिली, हे बहुतेक मालकांना ठाऊक नसते. टायरचे मूळ माप दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत छापलेले असते. टायर बदलताना दुकानदाराने ते पाहावे, मालकाने विचारावे, आणि मीटर पासिंगच्या वेळी टायरची अवस्थाही नोंदवली जावी, एवढ्या तीन सवयी लागल्या तरी अडीच टक्क्यांची भांडणे आणि साडेबारा टक्क्यांचे धोके पुष्कळ कमी होतील. आंबा नदीची भरती कोणाच्या हाती नव्हती. चाकाचा परीघ मात्र आपल्या हाती आहे. तो मोजलेला असावा, इतकेच.